तिसऱ्या टप्प्याला तारीख द्या : दृक्-श्राव्य अभिलेखागाराच्या निवड समितीस खुले पत्र

निवड समितीच्या माननीय सदस्यांस,

सविनय नमस्कार.

अभिलेखागारातील चित्रपट, चित्रफिती आणि ध्वनिमुद्रणे यांच्या डिजिटायझेशनाचा प्राधान्यक्रम समितीने नुकताच जाहीर केला. पहिल्या टप्प्यात सर्वाधिक मागणी असलेले कथापट, नामवंतांच्या मुलाखती आणि ज्यांची शताब्दी किंवा सुवर्णमहोत्सव जवळ आला आहे अशा घटनांचे चित्रण आहे. दुसऱ्या टप्प्यात वृत्तपट आणि प्रक्षेपित झालेले कार्यक्रम आहेत. तिसऱ्या टप्प्यात ‘उर्वरित साहित्य’ या मथळ्याखाली क्षेत्रीय ध्वनिमुद्रणे (लोकांच्या गावी जाऊन केलेली), लॅकरच्या तबकड्या, यू-मॅटिक (जुन्या व्हिडिओच्या) कॅसेट, डॅट (डिजिटल ध्वनीच्या) फिती आणि ज्यांच्या नोंदी अपुऱ्या आहेत असे सगळे डबे एकत्र टाकले आहेत. पहिल्या दोन टप्प्यांपुढे मुदत आणि निधी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तिसऱ्यापुढे ‘साधनांच्या उपलब्धतेनुसार’ एवढेच म्हटले आहे. कार्यालयीन कामकाजाचा ज्यांना थोडाफार अनुभव आहे त्यांना या शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. हा संग्रह समितीचा नाही, तसा माझाही नाही. म्हणून हे पत्र बंद पाकिटात न पाठवता सर्वांना वाचता येईल असे लिहिते आहे.

माझा या विषयाशी संबंध काय, हे आधी सांगते. जुन्या फिती यंत्रावर चढवणे, फीत वाचणारे हेड साफ करणे, त्याचा फितीशी असलेला कोन म्हणजे अझिमथ जुळवणे आणि फीत संपेपर्यंत कान लावून बसणे, हे माझे आयुष्यभराचे काम होते. तिसऱ्या टप्प्यात गेलेल्या फितींपैकी काही मीच त्या कपाटांत लावल्या आहेत आणि काही ध्वनिमुद्रणांच्या वेळी यंत्र माझ्याच हाती होते. त्यामुळे मी तटस्थ नाही, आणि तसे भासवणारही नाही. पुढची मांडणी मात्र त्या फितींबद्दलच्या मायेवर उभी नाही. ती रसायन, यंत्रे आणि साधी बेरीज-वजाबाकी यांवर उभी आहे, आणि ती तपासून पाहणे समितीला सहज शक्य आहे.

सगळे वाचणार नाही, हे मला मान्य आहे. कोणत्याही अभिलेखागाराकडे पुरेसा पैसा, पुरेशी माणसे आणि पुरेशी चालू यंत्रे कधीच नसतात, आणि जो ‘आम्ही सगळेच जतन करू’ असे म्हणतो त्याने आपली कपाटे नीट मोजलेली नसतात. निवड करावी लागणार, यावर वाद नाही. वाद आहे तो असा, की आधी काय घ्यायचे हे ठरवताना काय जाऊ द्यायचे हेही त्याच बैठकीत ठरते, आणि समितीने पहिल्या निम्म्या निर्णयावर सही करून दुसरा निम्मा ‘उर्वरित’ या शब्दामागे ठेवून दिला आहे. चुंबकीय फितीच्या बाबतीत अनिश्चित काळ थांबणे आणि ती फेकून देणे यांत शेवटी फारसा फरक राहत नाही. फेकून देण्यासाठी निदान ठराव तरी करावा लागतो.

आता आक्षेप एकेक करून मांडते.

पहिला आक्षेप ‘मागणी’ या निकषावर आहे. समितीच्या गुणपत्रिकेत सर्वाधिक गुण वाचक, अभ्यासक आणि प्रसारमाध्यमे यांच्याकडून आलेल्या मागणीच्या संख्येला आहेत. परंतु माणूस मागणी करतो ती ज्याचे अस्तित्व त्याला ठाऊक आहे त्याची. सूचीत जे नीट नोंदलेले आहे, ज्याचा उल्लेख पुस्तकांत आलेला आहे, ज्याचा तुकडा पूर्वी कुठेतरी दाखवला गेलेला आहे, त्यालाच मागणी येते. मागणी आली म्हणून ते डिजिटल होते आणि डिजिटल झाले म्हणून त्याची मागणी आणखी वाढते. ज्या फितीच्या डब्यावर पेन्सिलीने लिहिलेले एक आडनाव आणि महिना यापलीकडे काही नाही, ती या चक्रात कधी शिरणारच नाही. एकदाही कोणी मागितली नाही, एवढ्यावरून तिची किंमत ठरवणे मला तर्कदुष्ट वाटते.

दुसरे असे, की जे लोकप्रिय असते त्याच्या प्रती अनेक ठिकाणी असतात. व्यापारी तत्त्वावर प्रदर्शित झालेल्या चित्रपटाची किंवा विक्रीस आलेल्या ध्वनिमुद्रिकेची प्रत दुसऱ्या अभिलेखागारात, वितरकाकडे, खासगी संग्राहकाकडे असण्याची शक्यता असते. क्षेत्रीय ध्वनिमुद्रणाची बहुधा एकच प्रत असते आणि ती आपल्या कपाटात असते. अपोलो ११ चे उदाहरण या संदर्भात पाहावे. चंद्रावरून आलेले मूळ, अधिक स्पष्ट चित्रण ज्या चुंबकीय फितींवर नोंदले गेले होते त्या फिती बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असे नासाने आपल्या शोधानंतर २००९ मध्ये सांगितले. जगातली सर्वात गाजलेली घटना असूनही मूळ गेले. तरीही आज आपण ते दृश्य पाहू शकतो, कारण प्रक्षेपणासाठी रूपांतरित केलेले चित्रण दूरचित्रवाणी केंद्रांकडे आणि इतरत्र टिकून होते आणि त्यावरून ते पुन्हा उजळता आले. प्रसिद्धीने मूळ फीत वाचवली नाही, पण तिच्या नकला जगभर पसरवून ठेवल्या. एखाद्या छोट्या भाषेतील शेवटच्या काही कथनकारांपैकी एकाची फीत अशी पुसली गेली असती, तर शोध घेण्यासारखे मागे काहीच उरले नसते आणि शोध घ्यायला हवा हेही कोणाच्या लक्षात आले नसते.

‘पण क्षेत्रीय ध्वनिमुद्रणांचा मजकूर छापील संग्रहांत आलेलाच आहे,’ असे समितीच्या टिपणात म्हटले आहे. त्याबद्दल एकच फीत पुढे ठेवते. तिच्यात एक वृद्ध स्त्री एक दीर्घ गाणे म्हणते आहे. मध्येच ती थांबते, दोन-तीन ओळी पुटपुटत मागे जाते, ‘असं नाही’ असे स्वतःशीच म्हणते, आणि मग चाल किंचित खाली घेऊन ते कडवे निराळ्या शब्दांत म्हणते. मागे बसलेली दुसरी एक बाई तिला विरोध करते. पहिलेच बरोबर होते असा तिचा आग्रह आहे. दोघींत थोडी वादावादी होते, कोणीतरी हसते, आणि गाणे पुढे सुरू होते. छापील संग्रहात त्या कडव्याचा फक्त दुसरा पाठ आहे. अडखळणे, माघार, चालीतला बदल आणि त्या दुसऱ्या बाईचा आक्षेप हे सगळे त्या अर्ध्या मैलाच्या आत मावणाऱ्या तपकिरी पट्टीवर आहे, इतरत्र कुठेही नाही. मौखिक परंपरा बदलते कशी, याचा इतका उघड पुरावा कागदावर क्वचितच सापडतो. ही फीत तिसऱ्या टप्प्यात आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्यावर मी थोडी रेंगाळणार आहे. समितीच्या यादीत माध्यमांच्या आयुर्मानाचा विचार जवळजवळ नाही. चित्रपटाची फिल्म, चुंबकीय फीत आणि लॅकरची तबकडी ही एकाच ‘जुन्या साहित्या’ची तीन नावे असल्यासारखी वागवली आहेत. प्रत्यक्षात त्यांचे मरण वेगवेगळे आहे, आणि त्यांना वाचवण्याचे उपायही वेगवेगळे आहेत.

अ‍ॅसिटेट फिल्म घ्या. तिचा डबा उघडल्यावर येणारा व्हिनेगरचा वास आपल्या कर्मचाऱ्यांच्या परिचयाचा आहे. फिल्मचा आधार विघटित होतो, त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटते, आणि तेच आम्ल पुढच्या विघटनाला वेग देते. फिल्म आक्रसते, वाकते, शेवटी थर सुटतात. परंतु ही प्रक्रिया मोजता येते. निळी चाचणी-पट्टी डब्यात ठेवली की आम्लाच्या प्रमाणानुसार ती हिरवी आणि मग पिवळी होते, आणि कोणता डबा कोणत्या पायरीवर आहे हे एका दिवसात कळते. शिवाय ही प्रक्रिया थंडीने मंदावते. रॉचेस्टरच्या इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटच्या अभ्यासानुसार २१ अंश सेल्सियस आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवलेल्या नव्या अ‍ॅसिटेट फिल्ममध्ये हा दोष सुरू व्हायला सुमारे ४० वर्षे लागतात, आणि तापमान पाच-सहा अंशांनी उतरवले की हा अवधी ढोबळमानाने दुप्पट होतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की सुस्थितीतील फिल्मला शीतगृहात ठेवून आपण वेळ विकत घेऊ शकतो. उद्या अधिक चांगला स्कॅनर येईल आणि फिल्म तेव्हाही हाताळता येईल. तिच्यावरचे चित्र नुसत्या डोळ्यांनीही दिसते.

चुंबकीय फितीसाठी ही सवलत नाही. फीत थंडीत टिकेलही, पण ती वाजवणारे यंत्र थंडीत ठेवून टिकत नाही. यू-मॅटिक १९७१ मध्ये बाजारात आले; त्याची यंत्रे बनणे कधीच बंद झाले आहे. घरगुती व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर बनवणारी शेवटची कंपनी, फुनाई, हिनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. आज एखाद्या यंत्राचे हेड झिजले तर दुसऱ्या मेलेल्या यंत्राचे काढून बसवावे लागते, आणि फीत पुढे ओढणारा पिंच रोलर चिकट झाला तर तो नवा करून देणारा माणूस शोधावा लागतो. असा माणूस बहुधा माझ्याच वयाचा असतो. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्र-ध्वनी अभिलेखागाराने २०१५ मध्येच इशारा दिला होता की २०२५ पर्यंत जी चुंबकीय फीत डिजिटल झालेली नसेल ती बहुतांशी गमावल्यात जमा धरावी. ती मुदत संपली आहे. समितीच्या टिपणात तिचा उल्लेखही नाही.

फितीचे स्वतःचे आजार आणखी वेगळे. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतील कित्येक फितींमध्ये ऑक्साइडचे कण धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा थर हवेतील ओलावा शोषून चिकट होतो. अशी फीत यंत्रावर लावली की आधी बारीक किंचाळल्यासारखा आवाज येतो, वेग अडखळतो, फितीला वाट दाखवणाऱ्या गाइडवर तपकिरी चिकटा जमतो आणि काही मिनिटांत फीत जागच्या जागी थांबते. त्या चिकट्यात ध्वनी असतो. कापसाने तो पुसताना आपण नेमके काय पुसतो आहोत याची जाणीव हे काम करणाऱ्या प्रत्येकाला असते. सुमारे ५० अंशांवर काही तास नियंत्रित उष्णता दिली तर फीत काही काळापुरती वाजते, आणि तेवढ्या अवधीत तिचे हस्तांतरण उरकावे लागते. पण हाच उपाय जुन्या अ‍ॅसिटेट आधाराच्या ध्वनिफितीवर केला तर तिचे नुकसान होते. म्हणजे कोणती फीत कोणत्या जातीची हे ओळखणारी नजर लागते, आणि ती नजर निविदेत मिळत नाही.

लॅकरच्या तबकड्यांना तर वाट पाहणे मुळीच परवडत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा काचेच्या चकतीवर चढवलेला हा नायट्रोसेल्युलोजचा थर कालांतराने आक्रसतो, पण त्याखालची चकती आक्रसत नाही. आधी पृष्ठभागावर पांढरी भुकटी दिसू लागते, जी थरातील एरंडेल तेलाच्या विघटनातून येते. नंतर एखाद्या दिवशी, हात न लावताही, थराला तडे जाऊन तो पापुद्र्यांसारखा सुटतो. काल वाजलेली तबकडी आज वाजेलच असे नाही. चुंबकीय फीत रुळण्यापूर्वी नभोवाणी केंद्रांनी आणि क्षेत्रीय अभ्यासकांनी याच तबकड्यांवर थेट मुद्रण केले, त्यामुळे बहुतेक तबकड्या एकमेव आहेत. इतके क्षणभंगुर आणि इतके एकमेव साहित्य ‘उर्वरित’मध्ये कसे गेले, याचा खुलासा समितीने करावा.

आता बेरीज-वजाबाकी. फीत वाजवायला तिच्या लांबीइतका वेळ लागतोच. एका तासाची चित्रफीत अर्ध्या तासात उतरवता येत नाही. समजा, एखाद्या संग्रहात २०,००० तासांच्या चित्रफिती आहेत. एक यंत्र दिवसाला ६ तास आणि वर्षाला २५० दिवस न बिघडता चालले तर वर्षाला १,५०० तास होतात, म्हणजे हे काम १३ वर्षांहून अधिक चालेल. त्या वर्षांत यंत्र बिघडणार नाही, हे गृहीतक माझे नाही. ते समितीच्या वेळापत्रकाचे आहे. यात चिकट फितींच्या उपचाराला, साफसफाईला आणि तपासणीला लागणारा वेळ धरलेलाच नाही.

साठवणुकीचे गणितही पाहावे. ३५ मिमी फिल्म पूर्ण चौकटीने, असंकुचित १०-बिट स्वरूपात ४के दर्जाने स्कॅन केली तर तासाला ४ टेराबाइटहून अधिक जागा लागते. स्टिरिओ ध्वनी ९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिट या दर्जाने उतरवला तर तासाला सुमारे २ गिगाबाइट. म्हणजे एका तासाच्या चित्रपटाला जितकी जागा लागते तितक्या जागेत दोन हजारांहून अधिक तासांची ध्वनिमुद्रणे मावतात. पहिल्या टप्प्यातील कथापटांपैकी जे सुस्थितीत आहेत आणि ज्यांची दुसरी प्रत अन्यत्र आहे, त्यांतील मोजके काही चित्रपट पाच-सात वर्षे शीतगृहात थांबले, तर क्षेत्रीय ध्वनिमुद्रणांचा संपूर्ण विभाग सामावेल एवढी साठवण मोकळी होते. नायट्रेट (सहज पेट घेणारी जुनी) फिल्म, आम्लतेची पुढची पायरी गाठलेले अ‍ॅसिटेट निगेटिव्ह आणि रंग उडून गुलाबी पडत चाललेल्या एकमेव प्रती यांना मी या हिशेबातून वगळते. त्या पहिल्या टप्प्यातच हव्यात, मग त्या गाजलेल्या असोत वा नसोत.

तिसरा आक्षेप लहान आहे पण त्यातून समितीपुढे तांत्रिक सल्ला आला नव्हता हे उघड होते. डॅट आणि मिनीडीव्ही (डिजिटल व्हिडिओच्या) फितींपुढे ‘आधीच डिजिटल, त्यामुळे तातडी नाही’ असा शेरा आहे. फितीवरचे डिजिटल आणि फाइलमधले डिजिटल यांत मोठे अंतर आहे. अ‍ॅनालॉग फीत खराब होते तेव्हा आधी खरखर वाढते, वरचे स्वर जातात, तरी बोलणे कळत राहते. डॅट खराब होते तेव्हा चुकीदुरुस्तीची मर्यादा संपेपर्यंत सगळे स्वच्छ वाजते आणि मग एकदम शांतता होते. १९८७ मध्ये आलेल्या या माध्यमाची यंत्रे बनवणे सोनीने २००५ मध्ये थांबवले. डॅटच्या फिती आपल्या संग्रहातल्या सर्वात धोक्याच्या वस्तूंपैकी आहेत.

चौथा आक्षेप नोंदींच्या अटीबद्दल. ‘ज्या वस्तूची पूर्ण नोंद सूचीत आहे तिचाच विचार केला जाईल’ ही अट वरवर पाहता शिस्तीची वाटते. पण फितीवर काय आहे हे ती वाजवल्याशिवाय कळत नाही, नोंद झाल्याशिवाय ती निवडली जाणार नाही, आणि निवडली गेल्याशिवाय ती यंत्रावर जाणार नाही. नोंदी अपुऱ्या राहिल्या त्या दशकानुदशके सूचीकारांची पदे भरली गेली नाहीत म्हणून. त्याची शिक्षा फितींना का? शिवाय कोणते साहित्य नोंदले गेले आणि कोणते राहिले, यामागेही कल होताच. संस्थेच्या मानकऱ्यांची भाषणे त्याच आठवड्यात नोंदली जात; कामगार, स्थलांतरित, बायाबापड्या यांच्या मुलाखती पोत्यात राहत. नोंद हा निकष लावला की तो जुना कल नव्या यादीत शिक्कामोर्तब होऊन येतो.

पाचव्या मुद्द्यावर मी फार लिहीत नाही, कारण तो मान्य व्हायला अडचण नसावी. डिजिटायझेशन झाल्यावर मूळ प्रती ‘जागेच्या अभावी निर्लेखित’ करण्याची, म्हणजे काढून टाकण्याची, मुभा टिपणात आहे. चित्रपट अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २००८ मध्ये फिल्म फेकू नका असे जाहीर आवाहन केले ते याच प्रवृत्तीविरुद्ध. आजचे स्कॅनिंग शेवटचे नाही, आणि फाइलही आपोआप टिकत नाही. तिच्या प्रती, चेकसम (फाइल बदलली नाही ना हे तपासणारा आकडा) आणि काही वर्षांनी नव्या साठवण-माध्यमावर स्थलांतर हा कायमचा खर्च आहे, जो अंदाजपत्रकात कुठेच दिसला नाही. वेबवर ऐकण्यासाठी काढलेली एमपी३ फाइल म्हणजे जतन नव्हे, हेही एकदा लेखी नोंदवावे. आंतरराष्ट्रीय ध्वनी व दृक्-श्राव्य अभिलेखागार संघटनेने ध्वनीसाठी सुचवलेला किमान दर्जा ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट असा आहे.

समितीच्या बाजूचा एक युक्तिवाद मला ठाऊक आहे आणि तो पोकळ नाही. लोकप्रिय साहित्य दाखवता येते, त्यातून देणगीदार मिळतात, देणगीदारांमुळे उरलेले काम चालते. हे खरे आहे, आणि पहिल्या टप्प्यात काही भाग अशा साहित्यासाठी राखून ठेवायला माझी हरकत नाही. पण तो भाग किती, हे आधी ठरले पाहिजे, आणि त्याला ‘जतन’ न म्हणता प्रदर्शन म्हटले पाहिजे. शताब्दीचा सोहळा झाला नाही तर समारंभ हुकतो, तबकडीचा थर सुटला तर आवाज जातो. या दोन नुकसानांना एकाच तराजूत घालू नये.

दुसरीकडे हे प्रश्न कसे हाताळले गेले, हेही समितीने पाहायला हरकत नव्हती. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाने २००९ मध्ये आपल्या सर्व विभागांतील दृक्-श्राव्य साहित्याची पाहणी केली तेव्हा साडेपाच लाखांहून अधिक वस्तू निघाल्या. तेथील मंडळींनी दोन वेगळी मापे वापरली: एक माध्यमाची झीज आणि यंत्रांची दुर्मीळता मोजणारे, दुसरे संशोधनमूल्य मोजणारे. दोन्ही गुण वेगवेगळे दिले की वाद कशावर आहे हे स्वच्छ दिसते. आपल्या गुणपत्रिकेत धोका, मूल्य, मागणी आणि सोय यांची एकच बेरीज केली आहे, त्यामुळे एखादी वस्तू मागे का पडली हे समितीलाही सांगता येणार नाही. मूल्याबद्दलच्या आपल्या खात्रीविषयीही थोडा संकोच बाळगावा. अमेरिकी मूक कथापटांपैकी केवळ १४ टक्के आपल्या मूळ स्वरूपात टिकले असल्याचे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३ च्या अहवालात म्हटले आहे. जे गेले त्यांतले कित्येक त्या काळच्या जाणकारांना व्यापार संपलेला माल वाटत होते.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

प्राधान्ययादी स्थगित करून माध्यमनिहाय स्थिती-पाहणी करावी. अ‍ॅसिटेट फिल्मच्या डब्यांत चाचणी-पट्ट्या ठेवाव्यात, चिकट होणाऱ्या फितींच्या उत्पादनांची यादी करावी, तबकड्यांवरील भुकटी आणि तडे नोंदवावेत. यासाठी वर्षे लागत नाहीत; नमुना पद्धतीने काही महिन्यांत पुरेसे चित्र मिळते.

धोका, एकमेवता आणि मूल्य यांचे गुण स्वतंत्रपणे द्यावेत आणि ते वस्तूनिहाय जाहीर करावेत. एकमेवता ठरवताना इतर अभिलेखागारांच्या सूच्या पडताळाव्यात. ज्याची चांगली प्रत दुसरीकडे डिजिटल झालेली आहे ते पुन्हा करण्यात पैसा घालू नये.

लॅकरच्या तबकड्या, डॅट आणि जुन्या चित्रफिती पहिल्या टप्प्यात आणाव्यात. सुस्थितीतील फिल्मसाठी शीतगृहाची तरतूद याच अंदाजपत्रकात करावी, नाहीतर तिला थांबायला सांगण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.

यंत्रांच्या वेळेपैकी ठरावीक वाटा नोंद नसलेल्या फितींसाठी राखावा. तो किती असावा हे समितीने ठरवावे, पण तो शून्य नसावा.

सुटे भाग आणि बंद पडलेली यंत्रे आत्ताच गोळा करावीत, आणि निवृत्त तंत्रज्ञांकडून नव्यांना शिकवण्याचा कार्यक्रम सुरू करावा. या कामी मी विनामोबदला वेळ द्यायला तयार आहे, आणि माझ्या ओळखीचे आणखी काही जणही तयार होतील.

मूळ प्रतींच्या निर्लेखनाची मुभा रद्द करावी.

आणि शेवटची मागणी, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हे सगळे करूनही काही फिती राहतील. ज्या साहित्याचे डिजिटायझेशन होणार नाही असे समितीला वाटते त्याची नावनिशीवार यादी, कारणांसह आणि सदस्यांच्या सह्यांसह, प्रसिद्ध करावी. ज्यांच्या घरच्यांचे आवाज त्यात आहेत, ज्यांच्या भाषेची ती एकमेव नोंद आहे, किंवा ज्यांच्याकडे चालू यंत्र आहे, त्यांपैकी कोणी पुढे आले तर त्यांना ते वाचवण्याची संधी द्यावी. त्यासाठी हरकती नोंदवायला निदान सहा महिन्यांची मुदत ठेवावी. पहिल्या टप्प्याची निविदा अद्याप निघालेली नाही. ती निघण्यापूर्वी या पत्राचे जाहीर उत्तर मिळावे, ही विनंती.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त ध्वनितंत्रज्ञ